शाखाधिकाऱ्याची सही

दरवर्षी बी. ए.चा निकाल लागला की आपल्या कॉलेजच्या व्हरांड्यात एक प्रश्न ठरलेला असतो : "आता पुढे काय?" बी. एड., स्पर्धा परीक्षा, एखाद्या खाजगी कचेरीतील नोकरी अशी उत्तरे येतात. बँकेचे नाव कुणी काढलेच तर "ते कॉमर्सवाल्यांचे काम" म्हणून विषय तिथेच संपतो. हा समज जुना आहे आणि चुकीचाही आहे. कला शाखेची पदवी घेऊन मी बँकेत शिरलो आणि शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. बहुधा म्हणूनच संपादकांनी हा विषय माझ्या गळ्यात घातला असावा.

प्रथम पात्रतेचे बोलू. सरकारी बँकेत लिपिक किंवा अधिकारी होण्यासाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. लिपिकासाठी वय २० ते २८, प्रोबेशनरी ऑफिसरसाठी २० ते ३०. राखीव प्रवर्गांना वयात सवलत असते. बहुतेक सरकारी बँकांसाठी आयबीपीएस ही मुंबईची संस्था २०११ पासून सामाईक परीक्षा घेते. स्टेट बँक आपली परीक्षा स्वतंत्रपणे घेते. इंग्रजी, तर्कशक्ती, अंकगणित, सामान्य ज्ञान व बँकिंगची माहिती असे परीक्षेचे स्वरूप. जमाखर्च हा स्वतंत्र विषय त्यात नाही. अधिकाऱ्याच्या निवडीत लेखी परीक्षेनंतर मुलाखत असते, लिपिकाच्या निवडीत नसते. लिपिक म्हणून लागलेला माणूस अंतर्गत बढतीने अधिकारी होऊ शकतो. हा रस्ता लांबचा, पण काउंटरवर घालविलेली ती वर्षे वाया जात नाहीत. उलट, थेट अधिकारी होऊन आलेल्या हुशार मुलांना चेकची मागची बाजू दाखवून शिकवणारा बहुधा असाच एखादा जुना लिपिक असतो.

आता प्रश्न असा की इतिहास, मराठी, समाजशास्त्र शिकलेल्या पदवीधराचे बँकेला काय काम? ह्याचे उत्तर १९६९ सालात आहे. त्या वर्षीच्या जूनमध्ये सबंध देशात व्यापारी बँकांच्या सव्वाआठ हजारांच्या आसपास शाखा होत्या, म्हणजे साधारण पासष्ट हजार माणसांमागे एक. खेड्यात होती ती जेमतेम पाचातली एक. शहरातल्या शाखेत येणारा व्यापारी व्यवस्थापकाच्या ओळखीचा असे. त्याचे हिशेब, त्याची पेढी, त्याचे जामीनदार, सारेच माहितीचे. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८० च्या एप्रिलमध्ये आणखी सहा बँकांचे झाले, आणि शाखा खेड्यापाड्यांत गेल्या. तिथे समोर येणाऱ्या माणसाकडे हिशेबाची वही नव्हती. पतीचा कागदी पुरावा ज्याच्यापाशी नाही अशा माणसाची पत ओळखायची, हे शाखाधिकाऱ्याचे मुख्य काम होऊन बसले. ते ताळेबंद वाचून होणारे नव्हे. त्यासाठी माणूस वाचावा लागतो, त्याची बोली समजावी लागते आणि जे समजले ते चार ओळींत नेटके लिहावे लागते. हे शिक्षण कला शाखेखेरीज दुसरीकडे फारसे मिळते असे मला वाटत नाही. (वाणिज्य शाखेच्या प्राध्यापक मित्रांनी क्षमा करावी.)

नव्या अधिकाऱ्याचा पहिला धडा मात्र माणसांचा नसतो, किल्ल्यांचा असतो. तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या लागतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. एकट्याने तिजोरी उघडता येत नाही. संध्याकाळी रोकड मोजून पुस्तकाशी जुळली की दोघांनी मिळून ती बंद करायची. आज सारे व्यवहार संगणकावर चालतात, तरी तत्त्व तेच आहे : एकाने नोंद करायची, दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची. पासवर्ड ही आजची किल्ली. "साहेब, तुमचा पासवर्ड सांगून ठेवा, गर्दीच्या वेळी खोळंबा होतो," असे एखादा सहकारी अगदी भाबडेपणाने म्हणतो, आणि भिडेखातर तो सांगितला की दोन किल्ल्यांची तिजोरी एका किल्लीची होते. जोखमीच्या जागांवरील कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा निदान दहा कामकाजाचे दिवस पूर्वसूचना न देता सक्तीने रजेवर पाठवावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. नवख्यांना त्याची गंमत वाटते. कारण मात्र साधे आहे. अफरातफर झाकायला रोज हजर राहावे लागते. माणूस दहा दिवस जागेवरून हलला की झाकलेले आपोआप उघडे पडते. वर्षानुवर्षे एकही रजा न घेणारा कर्मचारी सर्वांना आदर्श वाटतो, अनुभवी शाखाधिकारी मात्र त्याच्या खातेवहीकडे एकदा वळून पाहतो.

आता कर्जाकडे वळू, कारण शाखाधिकाऱ्याच्या सहीला खरी किंमत येते ती इथे. एक छोटे गणित करून पाहा. समजा, ठेवीवरचे व्याज चुकते करून शंभर रुपयांच्या कर्जामागे बँकेच्या हाती वर्षाला तीन रुपये उरतात. मग बुडालेले एक लाखाचे कर्ज भरून काढायला चांगल्या कर्जदारांना तेहतीस लाखांहून अधिक रक्कम वर्षभर वापरायला द्यावी लागेल, आणि तीही शाखेचे भाडे, पगार, वीज हे खर्च हिशेबात न धरता. हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकले की ते कर्ज अनुत्पादक ठरते. त्यासाठी नफ्यातून रक्कम बाजूला काढावी लागते. शेतीच्या पीककर्जाला हा नियम हंगामाच्या हिशेबाने लागू होतो. कमी मुदतीच्या पिकासाठी दोन हंगाम, ऊसासारख्या दीर्घ मुदतीच्या पिकासाठी एक. हे जाणून तरुण शाखाधिकारी घाबरतो, आणि सगळ्यांनाच "नाही" म्हणू लागतो.

"नाही" म्हणणे ही सर्वांत सुरक्षित सही. न दिलेले कर्ज कधी बुडत नाही, त्याबद्दल कुणाची चौकशी होत नाही. परंतु बँकेच्या दारातून परत गेलेला माणूस घरी जाऊन स्वस्थ बसत नाही, तो सावकाराकडे जातो. शिवाय गावाने ठेवलेल्या ठेवी गावाच्या उपयोगी न पडता दुसरीकडे जातात. शाखेचे ठेवींशी कर्जाचे प्रमाण पाहिले की हे लगेच कळते. बँकांनी आपल्या कर्जांपैकी ४० टक्के अग्रक्रमाच्या क्षेत्रांना आणि त्यांतील १८ टक्के शेतीला द्यावे असे लक्ष्य आहे ते एवढ्यासाठीच. तेव्हा कुणाला नाही म्हणायचे आणि कुणाला हो, हा निर्णय टाळता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. पन्नाशीचे एक गृहस्थ दोन म्हशींसाठी कर्ज मागायला आले आहेत. सातबारा, आठ-अचा उतारा, इतर संस्थांचे ना-देणे दाखले, पतमाहितीचा अहवाल, सारे कागद ठीक आहेत. कागदांवर विसंबणारा अधिकारी इथेच सही करील. जाणता अधिकारी मोटारसायकल काढून गोठ्यावर जातो. तिथे संभाषण होते ते असे :

"काका, दूध कुठं घालता?"

"गावच्या डेरीला, साहेब. दर दहा दिवसांनी बिल निघतं."

"चारा घरचा की विकतचा?"

"हिवाळ्यात घरचा. उन्हाळ्यात विकत घ्यावा लागतोय."

"मग म्हैस भाकड असेल तेव्हा हप्ता कशातून भरणार?"

ह्या शेवटच्या प्रश्नावर काका थांबतात, आणि त्या थांबण्यातच कर्जाचे भवितव्य असते. ज्याने पूर्वी जनावरे सांभाळली आहेत त्याला उत्तर ठाऊक असते : दोन्ही म्हशी एकदम घ्यायच्या नाहीत. एक आज, दुसरी पाच-सहा महिन्यांनी, म्हणजे एक आटली तरी दुसरी दुधात राहते. मग कर्जही तसेच दोन टप्प्यांत द्यायचे, आणि दूधसंस्थेकडून लेखी हमी घ्यायची की दर बिलातून ठराविक रक्कम कर्जखात्याला वळती होईल. म्हशीचा विमा उतरवायचा, तिच्या कानात बिल्ला आहे ना ते डोळ्यांनी पाहायचे, कारण बिल्ला नसेल तर विम्याचा दावा मिळत नाही. आणि हे सारे परत येऊन टिपणात लिहायचे. "अर्जदार होतकरू आहे, शिफारस करण्यात येत आहे" हे टिपण नव्हे. गोठा पक्का की कच्चा, पाणी कुठून येते, घरात काम करणारी माणसे किती, पूर्वीची जनावरे किती वर्षे टिकली, असे लिहिले तर त्याला टिपण म्हणावे. पुढे दुष्काळ पडला, म्हैस मेली, कर्ज थकले, तर चौकशी होतेच. त्या वेळी शाखाधिकाऱ्याचे रक्षण करते ते त्याचे त्या दिवशीचे लिखाण. प्रामाणिकपणे, पाहून, विचार करून घेतलेला निर्णय चुकला तर त्याला क्षमा असते. न पाहता केलेल्या सहीला नसते. निबंधाच्या तासाला जांभया देणाऱ्यांनी ह्याची नोंद घ्यावी.

कर्ज नाकारायचे झाले तरी बोलण्याची एक रीत असते. "वरून मंजुरी आली नाही" हे सर्वांत सोपे आणि सर्वांत वाईट उत्तर. "काका, ह्या वर्षी चाऱ्याची सोय नाही, एका म्हशीपुरते घ्या, वर्षाने पुन्हा या" असे म्हटले तर तो माणूस वर्षाने खरेच येतो.

ह्या नोकरीची एक बाजू मला आवडत नाही, तीही सांगतो. गेल्या काही वर्षांत शाखांकडे विमा, म्युच्युअल फंड इत्यादी विकण्याची उद्दिष्टे आली आहेत. ह्या वस्तू वाईट नाहीत. परंतु निवृत्त शिक्षक उपदानाची रक्कम घेऊन मुदतठेव करायला येतात, आणि परत जाताना त्यांच्या हाती दरवर्षी हप्ता भरायची पॉलिसी असते, असे घडते. मुदतठेवीला ठेवविम्याचे संरक्षण आहे, २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत मिळते. पॉलिसी ही ठेव नव्हे, ती मध्येच मोडली तर भरलेले सगळे पैसे परत मिळतीलच असे नाही. मी अशा वेळी कागदावर दोन रकाने आखून देत असे. एकात ठेव, दुसऱ्यात पॉलिसी : पैसे कधी मिळतील, किती मिळतील, मध्येच लागले तर काय. मग म्हणायचो, "सर, हा कागद घरी न्या, मुलांना दाखवा, आणि उद्या या." पुष्कळजण दुसऱ्या दिवशी येऊन ठेवच करीत. त्यामुळे उद्दिष्टांच्या तक्त्यात माझी शाखा फारशी वर कधी दिसली नाही. वरिष्ठांच्या बैठकीत त्यावर दोन शब्द ऐकावे लागतात. ते ऐकण्याची तयारी ज्याची नाही त्याने ह्या खुर्चीचा विचार दोनदा करावा.

बढतीच्या पायऱ्या सांगतो. पहिली श्रेणी सहायक व्यवस्थापकाची, दुसरी व्यवस्थापकाची, तिसरी वरिष्ठ व्यवस्थापकाची, चौथी मुख्य व्यवस्थापकाची. त्यापुढे सहायक, उप आणि महाव्यवस्थापक. लहान गावातली शाखा पहिल्या-दुसऱ्या श्रेणीच्या अधिकाऱ्याकडेही असते, म्हणजे तिशीच्या आत एका शाखेची संपूर्ण जबाबदारी अंगावर येऊ शकते. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही १९२८ साली स्थापन झालेली संस्था जेएआयआयबी व सीएआयआयबी ह्या परीक्षा घेते. त्या उत्तीर्ण झाल्या की वेतनवाढ मिळते. जमाखर्च तिथे शिकावा लागतो, आणि आपल्याला तो शिकता येतो.

बदल्यांबद्दल घरच्या माणसांशी आधीच बोलून घ्यावे. अधिकाऱ्याची बदली देशात कुठेही होऊ शकते, आणि दर तीन-चार वर्षांनी होतेच. मुलांच्या शाळा, पती किंवा पत्नीची नोकरी, आईवडिलांची आजारपणे ह्यांचा हिशेब बदलीचा हुकूम करीत नाही. बढती नाकारून गावाजवळ राहिलेले कितीतरी हुशार सहकारी मी पाहिले, आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. विलीनीकरणाने ह्यात भर घातली. २०१९ साली देना व विजया ह्या बँका बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या, १ एप्रिल २०२० रोजी दहा बँकांच्या चार झाल्या, आणि आज सरकारी बँका बाराच उरल्या आहेत. एकाच गावात समोरासमोर असलेल्या दोन शाखा एक झाल्या की दोन व्यवस्थापकांपैकी एकाला सामान बांधावे लागते.

मोबाइलवरून पैसे पाठविता येऊ लागल्यापासून काउंटरवरची रांग घटली. "आता शाखाच राहणार नाहीत, मग शाखाधिकारी कशाला?" असे विद्यार्थी विचारतात. रांगेतली पुष्कळ कामे यंत्राने नेली हे खरे. उरली ती यंत्राला न जमणारी : मयताच्या खात्यावरून भांडणारे भाऊ, फोनवरून फसविले गेल्यावर धावत आलेली गृहिणी, आणि गोठ्यातले ते संभाषण.

परीक्षेच्या तयारीत कला शाखेच्या विद्यार्थ्याला अडते ते अंकगणित आणि वेग. शेकडेवारी, गुणोत्तर, सरळव्याज, चक्रवाढव्याज ही शाळेतली प्रकरणे रोज तासभर घड्याळ लावून सोडविली, तर वर्षभरात भीती जाते. इंग्रजीसाठी वर्तमानपत्राचे अर्थविषयक पान वाचावे, तेच मुलाखतीलाही उपयोगी पडते. जाहिराती आयबीपीएसच्या व स्टेट बँकेच्या संकेतस्थळांवर येतात, त्या तिथेच पाहाव्यात, क्लासच्या पत्रकांवरून नव्हे. लिपिकपदाचा अर्ज भरताना राज्य निवडावे लागते आणि त्या राज्याच्या भाषेची चाचणीही होते. तेव्हा जागा जास्त दिसतात म्हणून भलतेच राज्य भरू नये. ज्या भाषेत लिहिता, वाचता आणि खातेदाराशी बोलता येते, तेच राज्य भरावे.