मुंबईची मर्ल, टास्मानियाची थाप

मर्ल ओबेरॉन ही १९३० आणि १९४०च्या दशकांतली हॉलिवूडची आघाडीची नायिका. तिचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत झाला. जन्मदाती कॉन्स्टन्स तेव्हा स्वतःच अल्पवयीन होती, म्हणून आजी शार्लटने नातीला लेक म्हणून वाढवले. शार्लट मूळची सिलोनची, मिश्र वंशाची. पुढे दोघी कलकत्त्याला गेल्या. तिथे मर्लने टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली, हौशी नाटकांत कामे केली आणि १९२०च्या दशकाच्या अखेरीस युरोप गाठला.

लंडनमध्ये निर्माता अलेक्झांडर कोर्डाने तिला हेरले. ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये (१९३३) तिची अ‍ॅन बोलिन काही मिनिटेच पडद्यावर दिसते, पण नाव झाले. त्याच सुमारास तिचे जन्मस्थान टास्मानिया ठरले. दूरची, गोऱ्यांची वसाहत. खातरजमा करायला जातो कोण! हॉलिवूडच्या आचारसंहितेने गोऱ्या-काळ्यांचे शरीरसंबंध दाखवायला बंदी घातली होती आणि प्रत्यक्षात त्याची झळ आशियाई कलावंतांनाही बसे. खरे सांगितले असते, तर नायिकेच्या भूमिका मिळाल्या नसत्या. याची सर्वांत मोठी किंमत शार्लटने मोजली. मर्लच्याच घरात राहणाऱ्या या आजीची पाहुण्यांना मोलकरीण म्हणून ओळख करून दिली जाई. १९३७मध्ये ती वारली.

‘द डार्क एंजल’साठी (१९३५) मर्लला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले. १९३७मध्ये तिला झालेल्या मोटार अपघातानंतर ‘आय, क्लॉडियस’ या चित्रपटाचे चित्रीकरण कायमचे थांबले. ‘वदरिंग हाइट्स’ (१९३९) हा तिचा सर्वांत गाजलेला चित्रपट. मूळ कादंबरीतला नायक हीथक्लिफ सावळा. पडद्यावर तो लॉरेन्स ऑलिव्हिए झाला आणि गोरी नायिका कॅथी साकारली मुंबईच्या मर्लने. त्याच वर्षी तिने कोर्डाशी लग्न केले. तिचा दुसरा नवरा, छायाचित्रकार ल्युसियन बॅलार्ड याने तिच्या चेहऱ्यावरचे व्रण झाकण्यासाठी कॅमेऱ्यालगत बसवलेला दिवा आजही ‘ओबी’ नावाने ओळखला जातो.

१९५०नंतर भूमिका विरळ होत गेल्या. ‘देझिरे’मधली (१९५४) जोसेफिन तेवढी लक्षात राहते. १९७८मध्ये टास्मानियातल्या होबार्टने ‘आपल्या’ लेकीचा सत्कार केला, तेव्हाही तिने खरे सांगितले नाही. २३ नोव्हेंबर १९७९ रोजी ती निवर्तली आणि १९८३च्या चरित्रातून मुंबईचा जन्म उघड झाला. २०२३मध्ये अभिनेत्री मिशेल योला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले, तेव्हा या गटातली पहिली आशियाई वंशाची अभिनेत्री कोण, या प्रश्नाच्या उत्तरात मर्लचेच नाव पुढे आले.