बीडीडी चाळीतल्या नव्या घरात रेसिंग सिम्युलेटर बसवायचाय? मग स्टिअरिंगच्या आधी मेजरिंग टेप काढा

१४ ऑगस्ट २०२५. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षं जुन्या चाळीतली १६० चौरस फुटांची खोली सुटली आणि टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांचा टू बीएचके मिळाला. बाकीच्या चाळींमधल्या लोकांची वाट बघणं मात्र चालूच होतं.

नवं घर म्हटलं की प्रत्येकाची एक यादी असते. आईला ओट्याला लागून फ्रिज हवा असतो, आजोबांना खिडकीपाशी कॉट. आणि घरात एखादा पोरगा असा असतो, जो रविवारी फॉर्म्युला वनची रेस सोडत नाही. त्याच्या यादीत स्टिअरिंग, पेडल आणि बकेट सीट असते. रेसिंग सिम्युलेटर.

आता हा खर्च सोपा नाही. साधा सेट घ्यायचा म्हटलं तरी आकडा २५ हजारांच्या पुढे जातो आणि हौस वाढली तर लाखाच्या वर. नव्या घरात फर्निचर, पंखे, ग्रिल, पडदे अशी रांग लागलेली असताना चुकीची वस्तू घरात आली, तर ती कोपऱ्यात धूळ खात पडते आणि वर्षभर बोलणी खावी लागतात. म्हणूनच काय घ्यायचं, कशाच्या आधी घ्यायचं आणि काय घ्यायचंच नाही, हे एकदा नीट समजून घेऊ.

मुळात हा नुसता व्हिडिओ गेम आहे का?

गेमच आहे, पण त्यातून खरे ड्रायव्हर तयार झालेत. ब्रिटनच्या यान मार्डनबरोनं २०११ मध्ये ग्रॅन टुरिस्मो या गेमवर आधारलेली जीटी अकॅडमी स्पर्धा जिंकली आणि २०१३ च्या ल मान्स २४ तास शर्यतीत त्याच्या टीमनं एलएमपी२ गटात तिसरा नंबर काढला. २०२३ मध्ये त्याच्यावर सिनेमाही आला. फॉर्म्युला वनची चॅम्पियनशिप जिंकलेला मॅक्स वर्स्टापेन आजही घरी सिम्युलेटरवर रेस करतो.

मुंबईकरांसाठी तर याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे मोठा रेसिंग ट्रॅकच नाही. मोठे ट्रॅक आहेत ते चेन्नईजवळ, कोईमतूरला आणि ग्रेटर नोएडाला. कार्टिंगसाठी कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे, पण वरळीहून तिथं दर आठवड्याला जाणं काही जमणारं नाही. टायर, पेट्रोल, एन्ट्री फी आणि प्रवास हा हिशोब नोकरदार घराला झेपत नाही. सिम्युलेटरवर एकदाच खर्च होतो आणि गाडी ठोकली तरी रिस्टार्टचं बटण असतं.

पहिला प्रश्न, हे ठेवणार कुठं?

बहुतेक जण इथंच गडबडतात. यूट्यूबवर रिव्ह्यू बघून आधी स्टिअरिंग मागवतात आणि मग ते कशाला लावायचं याचा विचार करतात. खरा क्रम याच्या उलट आहे.

पक्की रिग म्हणजे सीट, स्टिअरिंग आणि पेडल एकाच सांगाड्यावर बसवलेला सेट. समोर स्क्रीन धरली तर तो साधारण सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद जागा खातो, म्हणजे १५ चौरस फूट. जुन्या १६० चौरस फुटांच्या खोलीत हा जवळपास दहावा हिस्सा झाला, त्यामुळं तिथं विषयच नव्हता. ५०० चौरस फुटांच्या घरात तो तीन टक्के भरतो. ऐकायला कमी वाटतं, पण बेडरूममध्ये कॉट आणि कपाट लावून झाल्यावर उरलेल्या जागेतले १५ चौरस फूट म्हणजे चालायची वाट.

म्हणून आधी जमिनीवर खडूनं सहा बाय अडीचचा चौकोन आखा. कपाटाचं दार उघडतंय का, बाल्कनीत जाता येतंय का, रात्री कुणी उठलं तर पाय अडकणार नाही ना, हे बघा. दोन दिवस तो चौकोन तसाच ठेवा. घरच्यांनी तो सहन केला तर रिगचा विचार करा.

नाही जमलं तर दोन पर्याय राहतात. पहिला म्हणजे टेबल. स्टिअरिंगला खाली क्लॅम्प असतात, ते टेबलाच्या कडेला घट्ट बसतात. टेबल मात्र जड हवं. पातळ प्लायचं फोल्डिंग टेबल प्रत्येक वळणावर हलतं.

दुसरा पर्याय म्हणजे घडीचा व्हील स्टँड. लोखंडी स्टँडवर स्टिअरिंग आणि पेडल लागतात आणि खेळून झालं की घडी करून तो दाराच्या मागे उभा राहतो. चाळीतून आलेल्या घरांसाठी बहुतेक वेळा हाच सगळ्यात शहाणा पर्याय ठरतो. चौकोनी पाइपमधून असा स्टँड एखादा फॅब्रिकेशनवालाही करून देतो, फक्त माप तुमचं तुम्ही द्यायचं.

यात खुर्चीचं एक लक्षात ठेवा. चाकांच्या खुर्चीवर बसून जोरात ब्रेक मारला की गाडीऐवजी तुम्हीच मागे जाता. खुर्ची बिनचाकांची घ्या, नाहीतर तिची चाकं अडवा. नव्या घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर पेडलही पुढे सरकतात. पेडल आणि भिंत यांच्यामध्ये एक फळी टाकली की काम होतं.

दुसरा प्रश्न, चालवणार कशावर?

पीसी, प्लेस्टेशन की एक्सबॉक्स, हे स्टिअरिंगच्या आधी ठरवावं लागतं. पीसीवर जवळपास सगळी स्टिअरिंग चालतात. कन्सोलवर मात्र त्या त्या कंपनीची परवानगी असलेलीच चालतात.

उदाहरणार्थ, लॉजिटेकचं जी२९ प्लेस्टेशन आणि पीसीवर चालतं, तर दिसायला तसंच असलेलं जी९२० एक्सबॉक्स आणि पीसीवर. जी९२३ च्या दोन वेगळ्या आवृत्त्या येतात. मोझाचा आर५ हा बेस पीसीसाठी आहे, तो प्लेस्टेशनला जोडून उपयोग नाही. ऑफर दिसली म्हणून घाईत खरेदी केली आणि घरी येऊन कळलं की आपल्या कन्सोलवर हे चालतच नाही, असं सहज होऊ शकतं. खोक्यावरचा कन्सोलचा लोगो आधी वाचा.

घरात आधीच बरा पीसी असेल तर २०१४ चा असेटो कोर्सा हा गेम आजही सुरुवातीसाठी उत्तम आहे. तो मध्यम ग्राफिक्स कार्डवरही चालतो. प्लेस्टेशन असेल तर ग्रॅन टुरिस्मो ७ आहेच.

स्टिअरिंगमध्ये एवढे प्रकार कशाला?

सिम्युलेटरच्या स्टिअरिंगमध्ये मोटर असते. टायर घसरला, गाडी खड्ड्यातून गेली, वळणावर वजन एका बाजूला आलं की ती मोटर तुमच्या हाताला उलट ओढते. याला फोर्स फीडबॅक म्हणतात. गाडी सुटतेय हे डोळ्यांच्या आधी हाताला कळतं, ते यामुळंच.

मोटरची ताकद स्टिअरिंगपर्यंत कशी पोचते, यावरून तीन प्रकार पडतात. पहिला गिअरवाला, म्हणजे जी२९ किंवा जी९२३. हा मजबूत आणि त्यातल्या त्यात स्वस्त, पण खडखड आवाज करतो. दुसरा बेल्टवाला, जसं थ्रस्टमास्टरचं टी३००. हा मऊ आणि शांत. तिसरा डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे स्टिअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर. फॅनाटेकचा सीएसएल डीडी आणि मोझाचा आर५ हे या प्रकारातले सुरुवातीचे बेस.

जाहिरातीत न्यूटन मीटरचे आकडे असतात. त्याचा साधा अर्थ असा की २८ सेंटिमीटरच्या स्टिअरिंगवर २ न्यूटन मीटर म्हणजे कडेला साधारण दीड किलोची ओढ, ५ म्हणजे साडेतीन किलोची आणि १२ म्हणजे साडेआठ किलोच्या वर. घरी शिकायला ५ न्यूटन मीटर भरपूर झाले. त्याच्या पुढची ताकद पेलायला टेबल किंवा हलका स्टँड पुरत नाही, पक्की रिगच लागते. म्हणजे पुन्हा प्रश्न जागेवरच येतो.

घरात लहान मुलं असतील तर एक सूचना आहे. डायरेक्ट ड्राइव्हचं स्टिअरिंग गाडी ठोकली की झटक्यात फिरतं. त्याच्या आऱ्यांमध्ये अंगठा अडकवून धरायचा नाही आणि मुलांना हात लावू देण्याआधी सेटिंगमधून ताकद कमी करायची.

पैसे वाचले तर ते कुठं घालायचे?

ब्रेकमध्ये. दुकानात सगळे स्टिअरिंग फिरवून बघतात, पण लॅपची वेळ सुधारते ती बऱ्याचदा ब्रेकमुळं.

साध्या पेडलमध्ये पाय किती खाली गेला हे मोजलं जातं. खऱ्या गाडीत ब्रेक पायाच्या दाबावर काम करतो. लोड सेल असलेलं पेडल हा दाब मोजतं. आपल्या पायाला अंतरापेक्षा दाब जास्त चांगला लक्षात राहतो, त्यामुळं प्रत्येक लॅपला त्याच ठिकाणी तेवढाच ब्रेक मारणं जमायला लागतं.

पण लोड सेलवर तुम्ही २०-३० किलोंचा दाब सहज देता. त्यामुळं पेडल आणि खुर्ची एकमेकांना पक्की बांधलेली हवीत. ती सोय नसेल तर लोड सेलचे पैसे वाया गेले समजा. तोवर साध्या पेडलवर शिका.

गिअर शिफ्टर आणि हँडब्रेक सुरुवातीला घेऊच नका. बहुतेक रेसिंग गाड्या स्टिअरिंगमागच्या पॅडलवरच चालतात.

मोठा टीव्ही की लहान मॉनिटर?

इथं हिशोब उलटा आहे. ५५ इंची टीव्ही अडीच मीटर लांब भिंतीवर असेल तर तो तुमच्या नजरेचा फक्त २७ अंशांचा भाग व्यापतो. साधा २७ इंची मॉनिटर डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर ठेवला तर तो ५३ अंश व्यापतो. म्हणजे जवळचा लहान मॉनिटर मोठ्या टीव्हीच्या जवळपास दुप्पट काम करतो. वळण कधी येतंय आणि शेजारची गाडी कुठं आहे याचा अंदाज त्यावर जास्त चांगला येतो. शिवाय मालिकेच्या वेळेला टीव्हीवरून भांडण होत नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकूंचं काय?

चाळीत शेजाऱ्यांच्या घरात काय चाललंय हे भिंतीतून कळायचं. टॉवरमध्ये ते स्लॅबमधून कळतं. रात्री अकरा वाजता पेडलवर आपटणारा पाय खालच्या घरात ठोकल्यासारखा ऐकू जातो. स्टँडखाली जाड रबरी मॅट टाका आणि कानाला हेडफोन लावा. सीट हादरवणारे बास शेकर नावाचे यंत्र मिळतात, ते वरच्या मजल्यावर राहणाऱ्यानं टाळलेलेच बरे.

विजेची फार चिंता नको. पीसी, मॉनिटर आणि स्टिअरिंग मिळून ४०० वॉट धरले आणि रोज दोन तास चालवलं, तरी महिन्याला २४ युनिट होतात. गिझर याहून कितीतरी जास्त वीज ओढतो. फक्त अर्थिंग असलेला सॉकेट आणि चांगला स्पाइक गार्ड वापरा.

सेकंडहँड घ्यावं का?

गिअरवाल्या स्टिअरिंगच्या बाबतीत जरूर. हौस फिटली की लोक ती विकतात. पण चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. चालू केल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरून मधोमध थांबतं का, ते बघा. प्रत्येक पेडल हळूहळू दाबा आणि स्क्रीनवरची रेघ उड्या न मारता वर जाते का ते पाहा. उड्या मारत असेल तर आतला सेन्सर धुळीनं भरलाय किंवा झिजलाय. अडॅप्टर मूळचाच आहे ना, हेही विचारा. डायरेक्ट ड्राइव्ह मात्र भारतातल्या वॉरंटीसह नवीनच घ्या. बाहेरून मागवलेला बेस बिघडला तर तो परत पाठवण्याचा खर्चच डोईजड होतो.

मग शेवटी क्रम काय ठेवायचा?

आधी जागा आणि कन्सोल ठरवा. मग घडीचा स्टँड आणि गिअरवालं स्टिअरिंग, शक्यतो सेकंडहँड. त्यावर सहा महिने काढा. आठवड्यातून तीन-चार दिवस बसणं होत असेल, तर रिग आणि लोड सेल ब्रेक घ्या. डायरेक्ट ड्राइव्ह सगळ्यात शेवटी. सहा महिन्यांत स्टँड दारामागून बाहेरच आला नाही, तर विकून टाका. सेकंडहँड घेतलेल्या वस्तूत फार नुकसान होत नाही.

आणखी एक मार्ग चाळीतल्या पोरांना सांगायची गरज नाही. चार-पाच मित्रांनी वर्गणी काढून एकच सेट घ्यायचा. फक्त मग सीट पुढे-मागे सरकणारी हवी, कारण सगळ्यांची उंची सारखी नसते. लॅपच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. समोर हरवायला ओळखीचा माणूस असला की माणूस लवकर शिकतो, हे जांबोरी मैदानावर खेळलेल्या कुणालाही विचारा.