बावीस हजारांतले घरी किती येतात?

दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्या बचत गटातल्या एका अक्कांनी ३० हजारांचं कर्ज मागितलं. मुलगा आयटीआय झालेला वेल्डर. चाकणला ठेकेदारामार्फत काम मिळत होतं, २२ हजारांवर. इकडे कोल्हापूरला, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, एका कारखान्याने १६,५०० सांगितले होते. अक्कांचं मन ठरलेलं होतं. "साडेपाच हजारांचा फरक आहे बायांनो, त्यात विचार कसला करायचा?" खोलीचं डिपॉझिट, जुनी मोटरसायकल आणि पहिला पगार होईपर्यंतचं खाणं, यासाठी कर्ज हवं होतं.

कर्ज नाही म्हणायचं आमच्या मनात नव्हतं. पण गटाचा पैसा म्हणजे आपल्या सगळ्यांच्या अंड्यांचा, दुधाचा, शिलाईचा पैसा. म्हणून म्हटलं, आधी वही काढू. त्या संध्याकाळी जो हिशेब निघाला तो आज सांगतो. आकडे त्या एका घराचे आहेत, तुमचे वेगळे येतील. मांडायची रीत मात्र तीच.

पहिली गोष्ट, २२ हजार म्हणजे काय? आम्ही मुलाला फोन करून पगाराचा कागद मागवला. त्यात कंपनी भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीएफमध्ये, स्वतःचा जो हिस्सा भरते तोही धरला होता आणि ईएसआयचा हिस्साही. ते सगळं मिळून २२ हजार. खरा पगार १९,८०० च. त्यातून मुलाचा पीएफ कापला जाणार, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के, म्हणजे १३ हजारांवर १,५६०. ईएसआयचे पाऊण टक्का, साधारण दीडशे. व्यवसाय कर २००. हातात पडणार १७,९००. कोल्हापूरच्या कारखान्याने मात्र १६,५०० हा खरा पगार सांगितला होता. सगळं कापून तिथे १४,७०० हातात. साडेपाच हजारांचा फरक इथेच ३,२०० वर आला.

पीएफ कापला की पोरं कुरकुरतात. पण ते पैसे कुठे जात नाहीत. तेवढाच हिस्सा मालकालाही भरावा लागतो, आणि ईएसआयवर बायको, मुलं आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही दवाखाना मिळतो. अक्कांच्या पुतण्याने त्याच बैठकीत तिसरा पर्याय काढला होता. मुंबईकडे, रोख २४ हजार, काही कापणार नाही. आम्ही विचारलं, ड्यूटी किती तासांची? बारा. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३१२ तास झाले, तासाला ७७ रुपये. चाकणला आठ तासांप्रमाणे २०८ तास, तासाला ८६ रुपये, आणि पीएफ वर. कारखान्यात जादा तासांना दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात, तो हिशेब या रोख चोवीस हजारांत कुठे दिसत नव्हता. मुंबईचं नाव त्या रात्रीपुरतं खोडलं. एरवी मुंबईला एक सोय मोठी आहे, लोकलचा पास. दूर स्वस्तात राहून काही शे रुपयांत महिनाभर ये-जा होते. पुण्याकडे मात्र कंपनीची बस नसेल तर मोटरसायकल आणि पेट्रोल आलंच.

आता खर्च. मुलगा एकटा राहिला तर चाकणला कॉट बेसिसवर २,५०० भाडं, खानावळ ३,६००, चहा-नाश्ता १,०००, पेट्रोल ९००, मोबाईल-साबण-दाढी ७००, आणि महिन्यातून एकदा गावी यायला १,०००. झाले ९,७००. उरले ८,२००. कोल्हापूरला कॉट १,८००, खानावळ २,८०० (दर आठवड्याला घरी येणार आणि जाताना दोन दिवसांच्या भाकरी बांधून नेणार), चहा ८००, जाणं-येणं ५००, बाकी किरकोळ ७००, गावच्या चार फेऱ्या ८००. झाले ७,४००. उरले ७,३००.

अक्कांनी वही हातात घेऊन पुन्हा बेरीज केली. फरक नऊशे रुपयांचा!

शिवाय कर्जाचा हप्ता. आमच्या गटाचं व्याज महिना दीड टक्का. ३० हजार वर्षात फेडायचे तर हप्ता २,७५०. म्हणजे पहिलं वर्ष चाकणहून घरी ५,४५० च यायचे. कोल्हापूरला आठ हजारांच्या कर्जात भागत होतं, हप्ता साडेसातशेच्या आत, घरी साडेसहा हजार.

कॉलेजात जाणारी एक मुलगी बसली होती, ती म्हणाली, कोणतं शहर किती महाग हे सरकार दर महिन्याला जाहीर करतंच की. खरं आहे, श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी महागाईचा निर्देशांक काढतो. देशातल्या ८८ ठिकाणांचा काढतो, त्यात पुणे, मुंबई, सोलापूर, नागपूर, नाशिक आहेत. पण तो आकडा शहरा-शहरांची तुलना करायला वापरायचा नसतो. त्यात प्रत्येक शहराचा २०१६ सालचा खर्च १०० धरला आहे आणि तिथून तो किती वाढला तेवढंच सांगितलं आहे. दोन बहिणींपैकी धाकटी वर्षात चार बोटं वाढली आणि थोरली दोनच, म्हणून धाकटी उंच ठरत नाही. तसंच हे. दुसरं म्हणजे त्या हिशेबात शंभर रुपयांतले साधारण १७ रुपये घरासाठी धरलेत. आपल्या मुलाचे एकट्याच्या कॉटवरच शंभरातले २६ जात होते.

शहर बदललं की सगळ्यात जास्त बदलतं ते भाडंच. तेल, साबण, डाळ, गॅस यांच्या किमती चाकणला आणि कोल्हापूरला फार वेगळ्या नाहीत. सरकारलाही हे ठाऊक आहे. केंद्र सरकार आपल्या नोकरदारांना मुंबई-पुण्यात मूळ पगाराच्या ३० टक्के घरभाडे भत्ता देतं, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाशिक, नागपूरला २० टक्के आणि लहान गावांत १० टक्के. जानेवारी २०२४ पासूनचे हे दर आहेत. ठेकेदाराकडच्या वेल्डरला असं कोण देतंय? शहराचं भाडं त्याने स्वतःच्या मजुरीतून भरायचं.

इथपर्यंत सून गप्प होती. मग तिने विचारलं, "आणि मी नि बाळ गेलो तर?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न आम्हालाच आधी सुचायला हवा होता. दुसरं पान काढलं. चाकणला एक खोली-स्वयंपाकघर ६,५००, किराणा-दूध-भाजी ७,०००, गॅस-लाईट-बाळाचं २,५००, प्रवास १,५००, किरकोळ ७००, गावची फेरी १,०००. बेरीज १९,२००, म्हणजे महिन्याला १,३०० तूट. कोल्हापूरला भाडं ४,०००, किराणा ६,३०० (ज्वारी-तांदूळ घरचा), गॅस वगैरे २,०००, प्रवास १,०००, किरकोळ ७००, फेरी ५००. बेरीज १४,५००, शिल्लक २००. एकट्यासाठी चाकण नऊशेने पुढे आणि कुटुंबासाठी कोल्हापूर दीड हजाराने. त्यामुळे कोणतं शहर परवडतं हे विचारण्याआधी, जाणार कोण, हे ठरवावं लागतं.

सून गेली तर इथली तिची शिलाई आणि म्हशीचं दूध थांबणार, ते दोन्ही मिळून महिन्याला चार हजार. तो आकडा आधी कोणी धरलाच नव्हता. उलट चाकणला तिला कारखान्यात लाईनवर काम मिळालं तर चित्र पार बदलतं. बाईला महिना २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर लागत नाही, हेही लक्षात ठेवा. पण मग तीन वर्षांच्या बाळाला दिवसभर कोण बघणार? तिथे सासूबाई नाहीत.

मुलाचंही म्हणणं आम्ही ऐकलं. चाकणला टिग वेल्डिंग शिकायला मिळेल, दोन वर्षांत पगार चढेल, असं तो म्हणाला. ते आम्हाला पटलं. शिकायला मिळणं हीही मजुरीच आहे, फक्त ती उशिरा हातात येते. मग त्याला परत फोन करून विचारायला लावलं, कंपनीची बस आहे का? होती! मोटरसायकल गेली, पेट्रोलचे ९०० वाचले. कॉटला डिपॉझिट एकाच महिन्याचं. कर्ज ३० वरून १२ हजारांवर आलं, हप्ता १,१००. हप्ता देऊन महिन्याला आठ हजार उरू लागले, आणि तो गेला.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. रेशनकार्डावरचं धान्य आता दुसऱ्या शहरातल्या दुकानातही मिळतं, आणि थोडं तिथे, थोडं गावी असंही उचलता येतं. त्यासाठी नाव आधारला जोडलेलं हवं. आणि घरातलं कोणी गवंडी, टाईल फिटर किंवा प्लंबर असेल, तर वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला घेऊन बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून घ्या.

सुनेने ते दुसरं पान आमच्या वहीतून फाडून नेलंय. त्यात तिने एक रकाना वाढवला आहे, स्वतःच्या पगाराचा. चाकणच्या भाड्याचा आमचा आकडा तिने खोडला, म्हणाली, मी बघून लिहीन. मार्चमध्ये ती एसटीने खोल्या बघायला जाणार आहे आणि नवरा बरोबर असेल. तिला अर्धं तिकीट, त्याला पूर्ण.