दवंडी कोणी पिटावी?

महापुरात मनोरे कोसळले, म्हणजे माणसांच्या हातांतली बिनतारी यंत्रेच एकमेकांचे जासूद बनू शकतात. आम्हांला प्रथम वाटले, यात अवघड ते काय? ज्याने निरोप ऐकला त्याने तो एकदा पुन्हा पुकारावा. पण सारेच एकदम पुकारू लागले की लहरी एकमेकींवर आदळतात, आणि ‘धरण फुटले’ हा निरोपच गलक्यात बुडतो. १९९९ साली तैवानच्या संशोधकांनी याला ‘प्रसारणाचे वादळ’ म्हटले व हिशेब मांडला: पहिल्या पुनरुच्चाराने नवे क्षेत्र सरासरी ४१ टक्केच लाभते, तोच निरोप चारदा कानी आल्यावर आपण बोललो, तर ५ टक्क्यांहूनही कमी. तेव्हा यंत्राने यदृच्छेने ठरलेला क्षणभर थांबावे, मोजावे, आणि पुरेसे ऐकले असेल तर गप्प बसावे.

मात्र नदीकाठच्या यंत्राने अलीकडून चारदा ऐकले म्हणून मौन धरले, तर पलीकडचा गाव अंधारात! म्हणून दुसरी रीत अशी: प्रत्येकाने शेजाऱ्यांतून असे मोजके निवडावेत की त्यांच्यामार्फत शेजाऱ्यांचे सारे शेजारी गाठले जातील, पुनरुच्चार फक्त त्यांनीच करावा. यंत्रे फिरती असल्याने ही शेजाऱ्यांची यादी वरचेवर ताजी करावी लागते, आणि तेवढ्यासाठी सर्वांना थोडे बोलावेच लागते.