डेव्हिसचा शेजारी

ऑक्टोबर २०१९ मध्ये बायर्न म्युनिकच्या बचावफळीतले दोन खेळाडू तीन दिवसांत जायबंदी झाले. १९ तारखेला आउग्सबुर्गविरुद्ध निकलास झ्यूलेच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. २२ तारखेला ग्रीसमध्ये ऑलिम्पियाकोसविरुद्ध लुकास हर्नांडेझचा घोटा दुखावला. याच हर्नांडेझला त्या उन्हाळ्यात आठ कोटी युरो मोजून आणलं होतं. बायर्ननं तोवर कुणासाठीच एवढे पैसे दिले नव्हते. मधल्या बचावात माणूस उरेना, तेव्हा प्रशिक्षक निको कोवाच यांनी कित्येक वर्षं लेफ्ट बॅक खेळणाऱ्या डेव्हिड आलाबाला मध्ये सरकवलं. त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर जो पोरगा उभा राहिला, त्याचं वय अजून एकोणीसही नव्हतं. अल्फोन्सो डेव्हिस त्याचं नाव, आणि क्लबनं त्याला आणलं होतं विंगर म्हणून, म्हणजे समोरच्या संघाच्या बॅकला पळवून पळवून दमवण्यासाठी.

मी कोल्हापुरात पोरांना फुटबॉल शिकवतो. तरुणपणी आमच्या पेठेच्या संघातून लेफ्ट बॅक खेळलो, त्यामुळे कुठलीही मॅच लावली तरी माझी नजर आधी त्या कोपऱ्यात जाते. पुढच्या दहा महिन्यांत डेव्हिसचं जे झालं ते मी जमेल तितकं पाहिलं, आणि अजूनही जुन्या मॅचेस काढून पोरांना दाखवतो. तो वेगामुळे मोठा झाला असं सगळे म्हणतात. वेग होताच. पण वेगानं त्याला फक्त चुका सावरायला वेळ मिळवून दिला. बॅक म्हणून त्याला घडवलं ते शेजारी उभ्या असलेल्या माणसानं.

डेव्हिसचा जन्म २ नोव्हेंबर २०००चा, घानातल्या बुडुबुराम इथल्या निर्वासितांच्या छावणीतला. आईवडील लायबेरियातल्या यादवीतून जीव वाचवून तिथे आलेले. पाच वर्षांचा असताना कुटुंब कॅनडात गेलं आणि पुढे एडमंटनमध्ये स्थिरावलं. शाळा सुटल्यावर गरीब वस्त्यांतल्या मुलांना मोफत फुटबॉल खेळायला मिळावा म्हणून तिथे ‘फ्री फूटी’ नावाचा उपक्रम चालायचा, त्यात तो खेळला. चौदाव्या वर्षी घर सोडून व्हँकुव्हर व्हाइटकॅप्सच्या अकादमीत गेला, पंधराव्या वर्षी त्यांच्या मुख्य संघातून उतरला. जुलै २०१८ मध्ये बायर्ननं त्याचा सौदा पक्का केला. पण अठरा पूर्ण होण्याआधी खेळाडूला असं दुसऱ्या खंडातल्या क्लबात जाता येत नाही. म्हणून म्युनिकला पोचायला त्याला जानेवारी २०१९ उजाडला.

पहिले सहा महिने तो मुख्य संघात थोडाच दिसला. शेवटची काही मिनिटं मैदानावर, एरवी बाकावर, आणि मधेमधे क्लबच्या दुसऱ्या संघाकडून चौथ्या श्रेणीतल्या मॅचेस. त्याच्या जागेसाठी कोमान, ग्नाब्री असे विंगर रांगेत पुढे होते. त्या दोन दुखापती झाल्या नसत्या तर त्या रांगेत तो आणखी किती काळ राहिला असता कोण जाणे.

आता लेफ्ट बॅकचं काम काय ते जरा सविस्तर सांगतो, कारण मॅच पाहणाऱ्यांच्या नजरेतून नेमकं हेच निसटतं. विंगरला तोंड पुढे करून खेळायची सवय असते. बॉल, समोरचा बॅक आणि गोल, तिन्ही त्याच्या डोळ्यांसमोर. बॅकचा धोका पाठीमागे असतो. बॉल पलीकडच्या बाजूला, उजव्या कडेला असेल तेव्हा लेफ्ट बॅकनं आपली कड सोडून आत यायचं असतं, मधल्या बचावपटूच्या जवळ. लोकांना वाटतं हा उगाच मध्ये येऊन उभा आहे. खरं तर त्या क्षणी समोरच्या संघाचा विंगर त्याच्या खांद्यामागे, न दिसणाऱ्या जागी दबा धरून असतो. एक डोळा बॉलवर, एक मागे. मान सतत फिरत राहिली पाहिजे. पोरांना हे शिकवायला वर्षं जातात. मॅचमध्ये मी बाहेरून ओरडत असतो, ‘मागं बघ, मागं बघ की रं!’ आणि पोरगं बॉलकडे टक लावून उभं असतं.

दुसरी गोष्ट विंगर समोर आल्यावरची. बॉल त्याच्याकडे निघाला की तो पोचायच्या आत अंतर कापायचं, शेवटच्या दोन पावलांना वेग मारायचा, अंग तिरकं ठेवायचं आणि त्याला कडेची वाट द्यायची, आतली नाही. पाय टाकायचा नाही. पाय टाकला की गडी गेला. विंगर म्हणून वाढलेल्या पोराला हे थांबणं फार जड जातं, त्याला झडप घालायची असते. आणि तिसरी गोष्ट, आपला संघ चढाईवर असताना बॉल हरवला तर परत धावायचं कुठे? बॉलकडे नाही. आपल्या गोलकडे, तिरकं, आतल्या बाजूला.

हे सगळं डेव्हिसला सराव सामन्यांत सावकाश शिकायची सवड मिळाली नाही. २ नोव्हेंबरला, त्याच्या एकोणिसाव्या वाढदिवशी, फ्रँकफुर्टनं बायर्नचा ५-१ असा धुव्वा उडवला. बायर्नचा मधला बचावपटू बोआटेंग याला सुरुवातीलाच लाल कार्ड मिळालेलं, दहा माणसांचा संघ, आणि त्या पडझडीत हे नवं पोर लेफ्ट बॅकला. दुसऱ्या दिवशी कोवाच यांचं पद गेलं. त्यांचे सहायक हान्सी फ्लिक यांच्याकडे सूत्रं आली. नवा प्रशिक्षक अशा वेळी आधी जुनी, खात्रीची माणसं शोधतो. फ्लिक यांनी डेव्हिसला तिथेच ठेवलं आणि आलाबालाही त्याच्या शेजारून हलवलं नाही. आठवड्यानंतर, ९ नोव्हेंबरला, डोर्टमुंडविरुद्ध तीच जोडी उतरली आणि बायर्न ४-० जिंकलं. माझ्या मते त्या मोसमातला सगळ्यात मोठा निर्णय हाच होता.

आलाबा व्हिएन्नाचा. तोही लहान वयात परक्या देशातून बायर्नच्या अकादमीत आला, आणि तोही मुळात बॅक नव्हता, मधल्या फळीतला खेळाडू. २०१० मध्ये लुई व्हान गाल यांनी त्याला सतराव्या वर्षी चँपियन्स लीगमध्ये फिओरेन्टिनाविरुद्ध थेट लेफ्ट बॅकला उभं केलं. म्हणजे डेव्हिसच्या उजव्या हाताला जो माणूस होता, तो त्याच जागेवर, त्याच क्लबात, तशाच अवघडलेल्या स्थितीतून गेलेला होता. पोरगं कुठे चुकणार हे त्याला आधीच ठाऊक. २०२० च्या मे महिन्यात कोरोनाच्या साथीत रिकाम्या मैदानांवर बुंडेसलिगा पुन्हा सुरू झाली, तेव्हा खेळाडूंचे आवाज टीव्हीवर ऐकू यायला लागले. आलाबा अखंड बोलायचा. जर्मन मला येत नाही, पण त्याचा हात कुठे जातो आणि त्यापाठोपाठ डेव्हिस कुठे सरकतो, यावरून सगळं कळायचं. हात आत ओढला की डेव्हिस दोन पावलं आत. तळवा खाली दाबला की डेव्हिस जागेवर थांबायचा. मी त्या मॅचेसचे तुकडे पोरांना आवाज मोठा करून दाखवतो आणि बॉलकडे बघू नका असं बजावतो.

वेगाचा भाग आता सांगायला हवा. फ्लिक यांचा संघ बचावफळी जवळजवळ मध्यरेषेपर्यंत वर आणून खेळायचा. समोरच्याला श्वास घ्यायला जागा ठेवायची नाही, बॉल हरवला की तिथल्या तिथे परत हिसकावायचा. याची किंमत म्हणजे मागे चाळीसेक मीटर मोकळं रान. तिथे नॉयर हा गोलकीपर पुढे येऊन पहारा द्यायचा, आणि डाव्या अंगाला डेव्हिस. जून २०२० मध्ये ब्रेमेनविरुद्ध त्याचा वेग ताशी ३६.५१ किलोमीटर नोंदला गेला. बुंडेसलिगात वेग मोजायला लागल्यापासून तोवर इतकं जोरात कुणी धावलेलं नव्हतं. सेकंदाला दहा मीटरपेक्षा जास्त! समोरचा गडी पाच मीटर पुढे निघून गेला तरी गोलपर्यंत पोचायच्या आत हा त्याला गाठणार, म्हणून एवढा धोका पत्करता येत होता.

पण त्याच मॅचमध्ये, उत्तरार्धात, डेव्हिसला दुसरं पिवळं कार्ड मिळून मैदान सोडावं लागलं. बायर्ननं उरलेला वेळ दहा जणांत काढला, १-० जिंकून विजेतेपद पक्कं केलं. एकाच संध्याकाळी वेगाचा विक्रम आणि लाल कार्ड. मला ही नोंद फार मोलाची वाटते. सगळ्यात वेगवान बॅकसुद्धा चुकीच्या जागी उभा असला की उशिराच पोचतो आणि मग पाय टाकतो.

पुढे जाताना मात्र तो विंगरच राहिला, आणि त्याच्यातला विंगर कुणी मारला नाही हे फार बरं झालं. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनला चेल्सीविरुद्ध डाव्या कडेनं एक लांब धाव घेऊन त्यानं लेवांडोव्स्कीला तिसरा गोल ताटात वाढून दिला. आणि मग १४ ऑगस्ट २०२०, लिस्बन. बार्सिलोनाविरुद्ध चँपियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी. सुआरेझनं गोल करून स्कोअर ४-२ केलेला, बार्सिलोनाला थोडी आशा वाटू लागलेली. सहा मिनिटांनी डाव्या कडेला डेव्हिसकडे बॉल आला. समोर नेल्सन सेमेदो, अनुभवी राइट बॅक. डेव्हिस थबकला, खांदे हलवले, बॉल एकदा थांबवला, पुन्हा हलवला आणि सेमेदोला कडेनं चकवून गोलरेषेलगत आत शिरला. मागे दिलेला पास योशुआ किमिचनं जाळ्यात ढकलला. किमिच त्या दिवशी राइट बॅक खेळत होता. म्हणजे लेफ्ट बॅकनं घडवलेला गोल राइट बॅकनं मारला. मॅच ८-२ अशी संपली.

हा गोल सगळ्यांनी हजारदा पाहिला. मी पोरांना त्या वेळी इतर माणसं कुठे होती ते दाखवतो. डेव्हिस तीस-चाळीस मीटर पुढे निघून गेला तरी मागचं डावं अंग उघडं पडलं नाही, कारण आलाबा तिकडे सरकलेला, त्याच्यामागे बाकीची फळी सरकलेली. शेजाऱ्यानं घर सांभाळलं म्हणून हा गावभर फिरू शकला. नऊ दिवसांनी पॅरिसच्या संघाला १-० हरवून बायर्ननं करंडक उचलला. कॅनडाच्या पुरुष राष्ट्रीय संघातून खेळणाऱ्या कुणालाही तोवर तो मिळाला नव्हता. बुंडेसलिगाचा त्या मोसमातला सर्वोत्तम नवोदितही डेव्हिसच ठरला.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर गोव्याच्या मंदार राव देसाईचं देता येईल. तोही लेफ्ट विंगर. एफसी गोवात प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी त्याला मागे आणून लेफ्ट बॅक केलं. २०२० मध्ये तो मुंबई सिटीत आला तेव्हा वयानं डेव्हिससारखा कोवळा नव्हता, पण जागा बदलून फार दिवस झाले नव्हते. आणि मुंबईत त्याला भेटलं कोण? तेच लोबेरा, बचावात तोच मोर्तदा फॉल, मधल्या फळीत तोच अहमद जाहू. क्लब नवा, माणसं ओळखीची. त्या मोसमात मुंबईनं लीगची शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. नव्या शहरात जाणाऱ्या बॅकला याहून चांगली सोय ती काय मिळणार!

डेव्हिसच्या बाबतीत उलटंही घडलेलं दिसतं. २०२१ च्या उन्हाळ्यात आलाबा रेआल माद्रिदला गेला, फ्लिक जर्मनीच्या राष्ट्रीय संघाकडे. नंतर प्रशिक्षक बदलत गेले, शेजारचा माणूसही बदलत गेला. २०२२ च्या सुरुवातीला कोरोनानंतर डेव्हिसच्या हृदयाच्या स्नायूला सूज आली आणि काही महिने त्याला खेळता आलं नाही. परतल्यावर त्याच्या पाठीमागे टाकलेल्या बॉलवर बायर्न अडचणीत येताना वारंवार दिसू लागलं. लोक म्हणाले, पोरगं बिघडलं, डोक्यात हवा गेली. मला ते पटत नाही. त्याला विसाव्या वर्षाच्या आत जे जमलं होतं त्यातला मोठा वाटा दुसऱ्याच्या डोळ्यांचा आणि आवाजाचा होता, आणि ते काम आता त्याला स्वतःच्या मानेनं करावं लागत होतं. हे शिकणं वेगळं आणि संथ असतं. आमच्या कोल्हापुरातल्या कुठल्याही तालीम संघात पोरगा पहिल्या वर्षी चमकतो आणि अनुभवी मधला बॅक निवृत्त झाला की दोन वर्षं चाचपडतो. तेव्हा त्याला पुढे फॉरवर्डला ढकलून देऊ नका, असं मी संघाच्या कारभाऱ्यांना कळकळीनं सांगत असतो.

मार्च २०२५ मध्ये कॅनडाकडून अमेरिकेविरुद्ध खेळताना डेव्हिसच्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. डिसेंबरमध्ये तो पुन्हा मैदानात उतरला. गुडघ्याच्या अशा दुखापतीनंतर पूर्वीचा वेग परत येतोच असं नाही, आणि आला तरी पहिले काही महिने खेळाडू त्यावर विसंबत नाही. म्हणून यापुढची त्याची प्रत्येक मॅच मी जास्त लक्ष देऊन बघणार आहे. बॉल उजव्या कडेला असताना तो किती आत येतो, आणि खांद्यामागे किती वेळा बघतो, एवढंच मी मोजणार आहे.