मोनोवाय : १२३ पासून १ पर्यंत

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्याच्या उत्तर टोकाला, बॉइड काउंटीत, नायोब्रेरा आणि मिसूरी या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात मोनोवाय नावाचे गाव आहे. क्षेत्रफळ जेमतेम अर्धा चौरस किलोमीटर. १९३०च्या जनगणनेत इथे १२३ माणसे होती, १९८० मध्ये १८, २००० मध्ये दोन आणि २०१० मध्ये एक. स्वतःचा कारभार असलेले आणि एकच रहिवासी असलेले देशातले एकमेव गाव म्हणून त्याचे नाव जगभर झाले. बातम्या मात्र त्या एका आकड्यावरच थांबल्या. त्या आकड्यामागे दीडशे वर्षांची घडामोड आहे आणि ती रेल्वे येण्याच्या बरीच आधी सुरू होते.

हा सगळा परिसर पोंका लोकांचा. नायोब्रेरा जिथे मिसूरीला मिळते त्या भागात त्यांची गावे होती, मक्याची शेती होती. १८५८च्या तहात त्यांनी बरीचशी जमीन सोडली आणि नदीकाठचा एक तुकडा स्वतःकडे ठेवला. १८६८ मध्ये सरकारने सू लोकांशी तह करताना तोच तुकडा चुकून सू लोकांच्या नावे लिहून टाकला. चूक सरकारची, शिक्षा पोंकांना. १८७७ मध्ये सैन्याच्या पहाऱ्यात त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, हाकलण्यात आले. वाटेत आणि तिथे पोचल्यावर रोगराईने कितीतरी माणसे गेली. त्यांचे प्रमुख स्टँडिंग बेअर यांचा मुलगाही गेला. त्याला पूर्वजांच्या भूमीत पुरण्यासाठी ते १८७९च्या जानेवारीत, ऐन थंडीत, सुमारे तीस जणांना घेऊन उत्तरेकडे निघाले आणि वाटेत त्यांना अटक झाली. त्यातून ओमाहात खटला उभा राहिला. इंडियन माणूस हा कायद्याच्या दृष्टीने माणूस आहे, असा निकाल न्यायाधीश एल्मर डंडी यांनी त्याच वर्षी दिला. मोनोवायच्या लोकसंख्येचा हिशोब मांडणाऱ्याने हा निकाल आधी वाचावा असे मला मनापासून वाटते. कुणाला माणूस म्हणून मोजायचे, हा प्रश्नच इथे न्यायालयात सोडवावा लागला होता. या भागाचे पहिले ओसाडपण दुष्काळाने आलेले नाही, ते बंदुकीच्या धाकाने आले.

पोंका गेल्यावर जमीन मोकळी झाली असे सरकारने धरले. १८८२च्या कायद्याने नेब्रास्काची हद्द उत्तरेला सरकवण्यात आली, १८९१ मध्ये बॉइड काउंटी अस्तित्वात आली. १९०२ मध्ये पोंका क्रीकच्या खोऱ्यातून रूळ आले आणि रुळांच्या कडेला गावे मांडली गेली. मोनोवाय त्यांतलेच एक. त्याच वर्षी इथे टपाल कार्यालय उघडले. गावांमधले अंतर शेतकऱ्याच्या घोडागाडीच्या हिशोबाने पडत गेले, धान्य स्थानकावर टाकून दिवस मावळायच्या आत घरी परतता यावे इतके. १९१० मध्ये काउंटीची लोकसंख्या ८,८२६ होती. घोड्यांची जागा मोटारींनी घेतली तेव्हा एवढ्या जवळजवळ वसलेल्या गावांची गरज उरली नाही. मोनोवायच्या उताराचे बीज त्याच्या स्थापनेतच होते.

जमिनीचा स्वभावही ध्यानात घ्यायला हवा. गाव ९८व्या पश्चिम रेखांशाच्या किंचित पलीकडे आहे. पूर्वेकडचा ओला, झाडांचा मुलूख इथे संपतो आणि बिनझाडांचे कोरडे गवताळ मैदान सुरू होते, असे इतिहासकार वॉल्टर प्रेस्कॉट वेब यांनी १९३१ मध्ये मांडले होते. पाऊस एक वर्ष भरभरून, पुढची दोन-तीन हात आखडून. १८६२च्या वसाहत कायद्याने दर कुटुंबाला दिलेली १६० एकर जमीन ओल्या मुलखात पुरली असती, इथे पुरेना. तिशीचे दशक धुळीचे आणि मंदीचे. मग ट्रॅक्टर आले, एक कुटुंब पूर्वीच्या चार कुटुंबांची जमीन कसू लागले, उरलेली तीन शहराकडे गेली. ऐंशीच्या दशकात कर्जाने आणखी कितीजणांची शेती सुटली.

मोनोवाय एका रात्रीत उठले नाही. चर्चमधला शेवटचा अंत्यविधी १९६० मध्ये झाला. टपाल कार्यालय १९६७ मध्ये बंद पडले, किराणा दुकानेही त्याच सुमारास. शाळा १९७४ मध्ये. गावाच्या दृष्टीने यातला सर्वांत मोठा घाव शाळेचा, असे मी म्हणेन. टपालाला शेजारचे गाव चालते, किराणाही मोटारीतून आणता येतो. शाळा गेली की तरुण जोडपे तिथे घर करायला धजत नाही.

हे सगळे बंद होत असतानाच, १९७१ मध्ये, रूडी आणि एल्सी आयलर या दांपत्याने इथे खानावळवजा मद्यालय चालवायला घेतले. २०००च्या जनगणनेतले दोघे ते हेच. रूडी २००४ मध्ये गेले. त्यांना गावात वाचनालय हवे होते. त्यांच्या मागे घरच्यांनी ते पुरे केले. एका लहानशा पांढऱ्या खोलीत त्यांचीच सुमारे पाच हजार पुस्तके. एल्सी ग्रंथपाल झाल्या, त्याआधीपासून महापौर, कारकून आणि खजिनदार होत्याच. महापौरपदाच्या निवडणुकीची सूचना त्यांनीच लावायची आणि मतही त्यांनीच द्यायचे. मद्याच्या परवान्याचा अर्ज त्यांचा, त्यावर गावाची सही त्यांची. कर त्यांनी स्वतःवर बसवायचा आणि स्वतःच भरायचा, त्यातून चार पथदिवे पेटते ठेवायचे. रस्त्यांचा आराखडा दरवर्षी राज्याकडे पाठवायचा, नाहीतर निधी थांबतो. याकडे गंमत म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. मला त्यात निष्ठा दिसते. यातला एक कागद चुकला असता तर मोनोवाय नकाशावरचे ठिकाण राहिले असते, गाव राहिले नसते. आणि गिऱ्हाइके होतीच. आसपासच्या शेतांवरून आणि दूरच्या वस्त्यांवरून माणसे जेवायला, पत्ते खेळायला येत. जनगणना फक्त तिथे राहणाऱ्याला मोजते.

२०२० मध्ये बॉइड काउंटीचा आकडा १,८१० वर आला. मोनोवायचा मात्र वाढला, १ वरून २ वर! नवे कुणी राहायला आलेले नव्हते. जनगणना कार्यालयाने त्या वेळी लहान लहान वस्त्यांच्या आकड्यांत गणिती पद्धतीने मुद्दाम थोडा फेरफार केला होता, माहिती जुळवून कुणाची ओळख काढता येऊ नये म्हणून. राज्यांच्या एकूण लोकसंख्येला त्यांनी हात लावला नाही. ज्या गावात एकच माणूस राहतो तिथे वय आणि वंश यांचा तक्ता छापणे म्हणजे त्या माणसाची वैयक्तिक नोंद चव्हाट्यावर मांडणे. मोनोवायच्या बाबतीत गुपित असे काही उरलेच नव्हते, तरीही मला हा नियम योग्य वाटतो. तो एकट्या एल्सी आयलर यांच्यासाठी केलेला नाही. नेब्रास्कात आणि डाकोटांत पाच, आठ, दहा माणसांची गावे आहेत, तिथे बातमीदार जात नाहीत, आणि त्यांतल्या काहींचा आकडा पुढच्या मोजण्यांत एकावर येणार आहे.