देशी कॅमेरा (बाबूराव पेंटर)

देशी कॅमेरा हा कोल्हापूरचे चित्रकार, शिल्पकार व चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास तयार केलेला, हाताने फिरवायचा चलच्चित्र कॅमेरा होय. भारतात बनलेला पहिला चलच्चित्र कॅमेरा म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' (१९२०) हा मूकपट याच कॅमेऱ्याने चित्रित झाला.

पार्श्वभूमी

त्यापूर्वी भारतातील चित्रीकरण आयात यंत्रांवर होत असे. सावेदादा उर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले ते इंग्लंडहून मागवलेल्या कॅमेऱ्याने. दादासाहेब फाळके यांनीही १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला.

कोल्हापुरात बाबूराव व त्यांचे बंधू आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवत. पुढे ते चित्रपट दाखवण्याच्या व्यवसायात उतरले आणि प्रक्षेपकाशी त्यांची ओळख झाली. ही ओळख निर्णायक मानावी लागते. कारण फिल्म थांबत थांबत पुढे सरकवण्याचे तत्त्व प्रक्षेपकात आणि कॅमेऱ्यात एकच असते. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. अपुरे राहिलेले काम बाबूरावांनी दामले यांच्या सोबतीने पुरे केले. तानीबाई कागलकर यांनी दिलेल्या भांडवलामुळे कंपनी उभी राहू शकली.

रचना

त्या काळातील हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात विजेवर चालणारा एकही भाग नसे. ३५ मिमी रुंदीच्या फिल्मच्या एका चित्राला प्रत्येक कडेला चार छिद्रे असत. एक आकडा या छिद्रांत अडकून फिल्म एका चित्राइतकी खाली ओढी व मागे येई. तेवढा वेळ फिरते शटर भिंगामागचा प्रकाश अडवून धरी. नंतर फिल्म स्थिर असताना शटर उघडे. सामान्यतः हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रे उमटत. सेकंदाला दोन फेरे दिले की सोळा चित्रे, म्हणजे एक फूट फिल्म. हात मंदावला तर पडद्यावरची हालचाल वेगवान दिसे. त्यामुळे कॅमेरामनचा हात हाही यंत्राचाच एक भाग होता.

भिंग वगळता यात जे उरते ते लेथवरचे कातकाम, दंतचक्रे आणि सुतारकाम. मात्र अचूकतेला पर्याय नव्हता. दोन छिद्रांमधले अंतर सुमारे ४.७५ मिमी असते. आकड्याच्या चालीत किंचित जरी फरक पडला तरी पडद्यावर चित्र थरथरते. कच्ची फिल्म पुष्कळदा बिनछिद्री येई व छिद्रे स्वतःच पाडावी लागत. फाळके यांच्या घरी हे काम सरस्वतीबाई करीत.

टिकाऊपणा

अशा कॅमेऱ्यांपैकी कित्येक शंभर वर्षांनंतरही चालतात. ते झिजत नाहीत असे नव्हे. आकड्याचे टोक आणि फिल्म जिथे घासते ती दारातली पट्टी प्रथम झिजते, जुने वंगण चिकट होते, पावसाळी हवेत लाकडी पेटी फुगून सांध्यांतून प्रकाश शिरतो. पण प्रत्येक बिघाड डोळ्यांना दिसतो आणि सुटा भाग नव्याने घडवता येतो. ज्याने यंत्र बनवले तोच ते दुरुस्त करू शके, ही सोय आयात कॅमेरा वापरणाऱ्याला नव्हती.

फिल्मचे मात्र तसे नव्हते. तेव्हाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची, चटकन पेट घेणारी आणि कालांतराने आपोआप विघटन पावणारी होती. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात प्रदर्शित झालेल्या 'सैरंध्री'चे लोकमान्य टिळकांनी कौतुक केले व बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही.